तुमचा फेटा मास्तरांच्या डोक्यावर

चौसाळा,
ता. २९ मे १९९७

तीर्थस्वरूप सिद्धलिंग दाजी यांच्या पायाशी धाकट्या संगमेशचा शरणार्थ.

महादेवाच्या कृपेने इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तिकडे माजलगावात तुमची, अक्काची आणि तुमच्या गुडघ्याची तब्येत बरी असेल असे धरून चालतो. (गुडघ्याचे मुद्दाम विचारले, कारण लग्नाला न येण्याचे सगळे खापर तुम्ही फोनवर त्याच्याच माथ्यावर फोडले होते. आता लग्न होऊन अकरा दिवस झाले, तेव्हा तो बरा झाला असायला हरकत नाही.) धरणात पाणी टिकून आहे का, मोंढ्यातली आडत कशी चालली आहे, तेही सवडीने कळवावे. पत्र लिहायला तसे काही कारण नाही. तुम्ही दोघे आला नाहीत, तेव्हा आमच्या रुद्राणीच्या लग्नात काय काय झाले ते निदान कानावर घालावे, एवढाच हेतू. आम्हांला राग नाही. वाईट तर मुळीच वाटलेले नाही.

पत्रिकेचे आधी बोलून टाकतो, म्हणजे पुढचे मोकळेपणाने लिहिता येईल. रीत मला ठाऊक आहे. मुलीचे लग्न ठरले की भावाने स्वतः उठून बहिणीच्या दारात जायचे, पान-सुपारी आणि अक्षता तिच्या हातात ठेवायच्या, तिची पिशवी उचलायची आणि मुराळी होऊन चार दिवस आधी तिला घेऊन यायचे. हे न करता मी पत्रिका कुरियरने पाठवली. पण दाजी, दिवस कोणते होते ते बघा! लग्नसराई, कापडाच्या दुकानात रोज चार-चार बस्ते, एकेका बस्त्याला पंधरा बाया आणि त्या पंधरांची पंधरा मते. त्यात शेजारच्या झेरॉक्सवाल्याने नवीनच कुरियरची एजन्सी घेतलेली. माणूस मोटारसायकलवरून जातो, पाकीट हातात देतो, सही घेतो. मला वाटले यात मान उलट जास्त आहे, पोस्टमन कुठे सही घेतो? अक्काने सही केली नाही. पाकीट त्याच्याच हातात परत दिले आणि त्याला विचारले म्हणे, "अक्षता आनल्यास का रे बाबा? मंग कावून आलास?" तो बिचारा परत आला तो दोन दिवस माझ्याशी बोलेना.

असो. तर कार्यालयाचे सांगतो. व्याही परळीचे, मुलगा पुण्याला मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या नव्या कंपनीत, तेव्हा त्यांना लग्न जरा झोकात हवे होते. बीडच्या बाहेर जागीरदारांची जुनी हवेली आहे. वारसदार सगळे हैदराबादेत, त्यांच्या ट्रस्टने अर्ध्या हवेलीत संग्रहालय काढले आहे आणि उरलेल्या अर्ध्या भागात मंगल कार्यालय. मध्ये भिंत नाही, नुसता एक लाल दोर आहे. दोराच्या अलीकडे वर्तमानकाळ आणि पलीकडे इतिहास, असे तिथले व्यवस्थापक उत्तरेश्वर मास्तर सांगतात. (हे मास्तर तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले आहेत. शाळेतली पोरे पळून जायची, संग्रहालयातल्या वस्तू जात नाहीत, म्हणून ते इथे फार सुखी आहेत.) त्यांच्या पत्नी सावित्रीबाई दाराशी टेबल टाकून तिकिटे फाडतात. लग्नाच्या पाहुण्यांना संग्रहालय फुकट. ही सवलत ज्याने काढली त्याने आपल्याकडचे लग्न कधी पाहिले नसावे.

हळदीच्या दिवशी सकाळी आमचा टेम्पो तिथे पोचला आणि तासाभरात तो दोर धोतरे वाळत घालायच्या कामी लागला. गेवराईचे आप्पाराव काका तुम्हांला माहीत आहेतच. उन्हाचे आले होते, त्यांना जागीरदारांचा पलंग दिसला. पलंगावर गादी होती, वर मच्छरदाणीचा सांगाडा होता आणि खोलीत गारवा होता, मग माणूस दुसरे काय करणार? त्यांनी कूस बदलली तेव्हा उशाशी ठेवलेली "स्पर्श करू नये" ही पाटी त्यांच्या पोटावर आली. नेमके तेव्हाच बीडचे एक कुटुंब रीतसर तिकीट काढून बघायला आले. ते हात मागे बांधून बराच वेळ काकांकडे बघत उभे राहिले, आणि बाहेर येऊन त्यांनी मास्तरांना विचारले की हे कितव्या पिढीचे.

बायकांच्या खोलीत निराळेच चालले होते. संग्रहालयात जागा नाही म्हणून जागीरदारांचे पुरुषभर उंचीचे तैलचित्र त्या खोलीत लावलेले. चित्र असे काढले आहे की खोलीत कुठेही जा, त्यांची नजर तुमच्यावरच. माझ्या सासरकडच्या, म्हणजे कावेरीच्या तुळजामावशींनी (लग्नातला सगळा बायकांचा कारभार त्यांच्याकडे होता, म्हणजे त्यांनी तो घेतला होता) आल्या आल्या हरकत घेतली. "ह्यो बाबा असा टक लावून बगतोय, आमी लुगडी कुटं बदलावी?" असे म्हणून त्यांनी माझ्या दुकानातली कोरी चादर चित्रावर टाकली. मास्तरांनी येऊन ती काढली. मावशींनी परत टाकली. असे तीनदा झाले. शेवटी जागीरदारांच्या फक्त डोळ्यांवर एक रुमाल बांधायचा अशी तडजोड झाली, आणि लग्न होईपर्यंत ते तसेच उभे होते.

आता खरी गोष्ट. हळद दळायला जाते हवे. आपल्या घरातल्या प्रत्येक लग्नाची हळद आईच्या जात्यावर दळली गेली, आणि आई गेल्यापासून ते जाते अक्काकडे आहे. दरवेळी ती ते गोधडीत गुंडाळून एसटीने आणते आणि दरवेळी कंडक्टरशी भांडते, हे मी तुम्हांला काय सांगावे, जाते तर तुमच्याच मांडीवर असते. यंदा अक्का नाही म्हणून जातेही नाही. कार्यालयात मिक्सर होता. मिक्सरवर हळद म्हटल्यावर तुळजामावशींनी माझ्याकडे असे काही पाहिले की मी मुकाट्याने मांडवात जाऊन खुर्च्या मोजायला लागलो. मग मावशी स्वतःच शोधायला निघाल्या आणि संग्रहालयाच्या तिसऱ्या दालनात त्यांना जाते सापडले. दोनशे वर्षांपूर्वीचे, काळ्या दगडाचे, चौथऱ्यावर मांडलेले, समोर पाटी. मावशींना वाचता येत नाही आणि ज्यांना येते त्यांनी वाचले नाही. चौघीजणींनी ते खाली उतरवले, हौदावर नेऊन खसाखसा धुतले, सुपारी-पानाने पूजले आणि मांडवात मांडले.

मांडले खरे, पण पहिली मूठ कोणी घालायची? ती मुलीच्या आत्याची. पाच सवाष्णी जात्याभोवती बसल्या, खुंट्याला हात लावला आणि तशाच थांबल्या. तुळजामावशी म्हणाल्या, मी घालते. तर रुद्राणी उठून उभी राहिली. तुम्हांला तिचा स्वभाव माहीत आहे, वरून दिसायला गरीब. म्हणाली, "आत्या आल्याबिगर मूट कुनी घालायची न्हाई, आन मी हळद लावून घ्यायची न्हाई." व्याह्यांकडच्या बायका हळद लावायला आलेल्या, त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. कावेरीने माझ्याकडे पाहिले. मी जागीरदारांकडे बघितले असते, पण त्यांचे डोळे बांधलेले होते. दाजी, त्या वेळी मला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले होते.

तेवढ्यात मास्तर धापा टाकत आले. चौथरा रिकामा दिसला म्हणून ते हवेलीभर धावत होते. मागून सावित्रीबाई, हातात तिकिटांचे पुस्तक. हळद-कुंकू लावलेले जाते बघून मास्तर मटकन खालीच बसले. मग उठून त्यांनी सुरुवात केली, की हा वारसा आहे, याला दोनशे वर्षांत कोणी हात लावला नव्हता, हैदराबादेहून तपासणी आली तर मी काय तोंड दाखवू. मावशींनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाल्या, "मास्तर, जातं दळायला आसतंय का बगायला? दोनशे वर्सं ते बी वाट बगत बसलं आसंल की." मास्तरांना तीस वर्षांत कोणी असा प्रश्न विचारला नसावा. ते विचारात पडले. ती संधी साधून मावशींनी सावित्रीबाईंना जवळ बोलावले आणि बायका विचारतात तसे विचारले, तुमी कुनाच्या, म्हायेर कुटलं. सावित्रीबाई म्हणाल्या, चौसाळा.

चौसाळा! म्हणजे आपल्या वेशीच्या आतली लेक. वरच्या गल्लीत शिंप्याच्या घराला लागून त्यांचे घर होते, आता तिथे एसटीडी बूथ आहे. भाऊ नव्हता, आईबाप गेले, पंधरा वर्षांत गावाकडून कोणी त्यांना हाक मारली नव्हती. आणि गावची लेक ती गावातल्या प्रत्येकाची बहीण, तेव्हा रुद्राणीची ती आत्याच झाली की! मावशींनी हा निवाडा जागच्या जागी दिला. सावित्रीबाई आधी नाही-नाही म्हणाल्या, मग हातातले तिकिटांचे पुस्तक खाली ठेवून पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. रुद्राणी जवळ गेली, त्यांचा हात धरून जात्याशी घेऊन आली आणि म्हणाली, "आज तुमी घाला. पर माज्या आत्याची जागा तिचीच ऱ्हानार." त्यांनी मूठ घातली, खुंटा फिरला, आणि ते जाते असे सुरेख चालले की मास्तरसुद्धा कान देऊन ऐकत राहिले. मी मांडवाच्या खांबाआड जाऊन डोळे पुसले. (हळद डोळ्यात गेली असे मी सगळ्यांना सांगितले. ते तुम्हीही तसेच समजा.)

पण दाजी, याचा पुढचा परिणाम कोणाच्या ध्यानात आला नव्हता. आत्या आली म्हणजे आत्याचे यजमान आले. दुसऱ्या दिवशी अक्षतांच्या आधी लग्न लावणाऱ्या स्वामींनी मानाचे फेटे बांधायला घेतले आणि खणखणीत आवाजात पुकारा केला, "मुलीच्या आत्याचे यजमान!" तुमच्यासाठी मी स्वतः निवडलेला फेटा, अबोली रंगाचा, दोन बोटे जरीचा काठ, ताटात तसाच पडलेला. लोकांनी मास्तरांना पुढे ढकलले. व्हिडिओवाल्याने दिवा मारला. फेटा त्यांना शोभला असे मी म्हणणार नाही, डोके जरा लहान पडले, पण लोक म्हणत होते शोभला. फेटा डोक्यावर चढताच त्या माणसात जो फरक पडला तो बघण्यासारखा होता. सकाळपर्यंत "स्पर्श करू नये" म्हणणारे मास्तर दुपारी स्वतः दोर सोडून पाहुण्यांना आत घेत होते आणि जागीरदारांच्या पानदानातून सुपारी वाटत होते. जेवणाला व्याह्यांनी बुफे ठेवला होता, त्यात मास्तरांना कोणी आधी हाक मारली नाही. झाले, आत्याचे यजमान रुसले! संग्रहालयात जाऊन जागीरदारांच्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसले. मी, कावेरी आणि आप्पाराव काका अशा तिघांनी जाऊन विनवण्या केल्या तेव्हा उठले. कावेरी म्हणाली, हुबेहूब आपले दाजी. (माझ्या लग्नात तूप उशिरा वाढले म्हणून तुम्ही लिंबाखाली जाऊन बसला होतात, त्याची तिला आठवण झाली असणार. माझ्या मनात तसे काही नव्हते.)

संग्रहालयात एक अभिप्राय वही आहे. आपल्या लोकांनी ती भरून टाकली. अभिप्राय कशाला म्हणतात याची कोणी फिकीर केली नाही, लग्नाला आल्याची नोंद राहिली म्हणजे पुढे कोणी बोलायला नको, एवढ्याच हिशेबाने लिहिले. "आप्पाराव, गेवराई, सहकुटुंब हजर. पलंग उत्तम." "बुंदी कोरडी होती, हवेली चांगली आहे." तुळजामावशींनी कोणाकडून तरी लिहवून घेतले आहे, "जात्याला टाकी लावून घ्यावी, थोडे भरड निघते." मास्तरांनी खाली "सूचनेची नोंद घेतली" असे लिहून सही केली आहे. संध्याकाळी सगळे आवराआवरीत असताना मी ती वही पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. माजलगाव हे नाव कुठे नव्हते. मला वाटले होते, तुम्ही दोघे गर्दीत मागच्या मागे येऊन अक्षता टाकून गेला असाल आणि मला दिसला नसाल. असे का वाटले ते मला सांगता यायचे नाही.

पाठवणीच्या वेळी रुद्राणीला सावित्रीबाईंनी धरले होते. मास्तर तर माझ्यापेक्षा जास्त रडले, फेट्याचा शेमला भिजून त्याचा अबोली रंग त्यांच्या सदऱ्याला लागला. (हा कापडात दोष आहे, मी व्यापाऱ्याला कळवले आहे.) पोरगी गाडीत बसायच्या आधी एकदा थांबली आणि रस्त्याकडे बघत राहिली. मीही बघत होतो. सकाळपासून फाट्यावर माजलगावची जी जी एसटी थांबली ती ती मी बघितली होती.

जाते आता परत चौथऱ्यावर आहे. हळदीचा रंग दगडात मुरला तो जात नाही. तिकीट काढून येणाऱ्या बायका त्याला हात जोडून पुढे तांदूळ ठेवतात, आणि मास्तरांनी ते झाडणे सोडून दिले आहे असे ऐकतो. एकूण कार्य उत्तम झाले, कशाची उणीव भासली नाही. कावेरीचा तुम्हां दोघांना शरणार्थ. अक्काला माझा शरणार्थ सांगा, किंवा नका सांगू, तुम्हांला योग्य वाटेल तसे करा.

तुमचा धाकटा,
संगमेश

ता. क. एक सांगायचे राहिले. रुद्राणी परतून माहेरी आली आहे आणि परवा शनिवारी जावई तिला पुण्याला घेऊन जाणार. जाताना तिची ओटी आत्याने भरायची असते. सावित्रीबाईंचा निरोप आला आहे की त्या खण-नारळ घेऊन शनिवारी सकाळी हजर होतील. मास्तर फेटा बांधून येणार आहेत. अक्काच्या कानावर घालून ठेवावे, माझा काही आग्रह नाही.

दुसरा ता. क. वर बस्त्यांचे लिहिले ते खोटे आहे. कावेरीने माझी पिशवी भरून ठेवली होती, दोनदा. दिवाळीत अक्का म्हणाली होती, "पोरगी लई लांब देऊ नगंस संगू, ती गेली की तुला करमायचं न्हाई." मी तिला म्हणालो, तुला यातले काय कळते. तिने पुढे एक अक्षर काढले नाही. त्या तोंडाने तिच्या दारात अक्षता घेऊन उभे राहायची मला लाज वाटली, म्हणून मी मोटारसायकलवाल्याला पुढे केले. पोरगी जायच्या आधीच मला करमेनासे झाले आहे, हेही तिला सांगा.

तिसरा ता. क. पत्राच्या वर चौसाळा लिहिले आहे, तेही खरे नाही. हे पत्र मी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या हॉटेलात बसून लिहितो आहे. सकाळच्या एसटीने आलो. रुद्राणी समोर बसली आहे, तिची दोन प्लेट भजी झाली आणि माझे पाच चहा. दोनदा तुमच्या दारापर्यंत येऊन परत फिरलो. दुसऱ्या वेळी अक्का ओसरीवर तांदूळ निवडत होती. चष्मा लागलेला दिसला, मला कोणी कळवले नाही. आता हे पत्र दाराच्या फटीतून आत सरकवतो आणि पाठोपाठ कडी वाजवतो. अक्षता रुमालात बांधून आणल्या आहेत, लग्न झाल्यावर त्या चालतात की नाही ते तिलाच विचारायचे आहे. कडी वाजली की ती आतून "कोन हाय?" विचारेल. दाजी, तेवढ्याचे उत्तर माझ्या तोंडून निघायचे नाही. तुम्हीच आतून सांगा, की तुझा मुराळी आलाय.